केशरचे दात

कापणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यातली गर्दी ओसरते. खोपोलीच्या शिळफाट्यावर दोन खोल्यांत मी बत्तीस वर्षं लोकांचे दात बघते आहे, आणि कार्तिकातले हे पंधरा-वीस दिवस दरवर्षी असेच जातात. ज्याची दाढ अगदी असह्य ठणकते तोच येतो. बाकीचे म्हणतात, भात एकदा घरात येऊ दे, मग बघू. दुपारभर खुर्ची रिकामी राहते आणि मी खिडकीशी बसून हमरस्त्यावरची वाहनं बघते.

काल अशीच बसले होते, तर पेंढ्यानं भरलेला एक टेंपो वाहतुकीत अडकून बरोबर दारासमोर उभा राहिला. नवा पेंढा होता. त्याचा वास आत आला, थोडा गोड, थोडा धुळीचा, उन्हात वाळत घातलेल्या गवताचा. या वासानं माणसाला बरं वाटतं. मलाही कधीकाळी वाटायचं. काल मात्र टेंपो पुढे सरकेपर्यंत मी श्वास धरून बसले. तीन वर्षं झाली, तरी दर कापणीला हे असंच होतं.

आमची दीड एकर जागा कुंभिवलीच्या मागच्या अंगाला आहे. भाताची चार खाचरं, एक विहीर, सहा आंबे आणि एक पत्र्याची शेड. निसर्गरम्य म्हणावी अशी ती नाही. ट्रकचे हॉर्न सतत ऐकू येतात, बांधाला लागून गोदामं उभी राहिली आहेत, आणि वारा रसायनीकडून आला की नाकाला लगेच कळतं. सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिथल्याच एका कारखान्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर तो रोज सकाळी स्कूटर काढून जागेवर जायला लागला. शेती यशवंतदादा बघतात. ते गावातलेच, आमच्याच वयाचे. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी शेवटची बैलजोडी विकली, आणि तेव्हापासून त्यांना जनावराशी बोलायची भूक होती असं मला वाटतं.

घोडी आली ती शेजारून. पलीकडच्या फार्महाऊसवाल्या कुटुंबानं ती मुलीच्या हौसेखातर घेतली होती. मुलगी शिकायला परदेशी गेली, जागा गोदामाला विकली गेली आणि घोडी तिथंच राहिली. तिला बघायला जो कोणी येई तो तिचं वय ऐकून परत जाई. एके दिवशी सुधीरनं तिला दोरीला धरून बांधाच्या अलीकडे आणलं. मी रविवारची गेले होते. म्हटलं, "अरे, आपल्याला घोड्यातलं काय कळतं?"

"धर्माची गाय, दात का नाय," तो म्हणाला. "फुकट मिळतेय. राहू दे. यशवंत आहे, मी आहे, तू डॉक्टर आहेस."

आम्ही हसलो. मी पण हसले, हे मला नीट आठवतं.

तिचा रंग पिकल्या करवंदावर ऊन पडावं तसा, काळसर तांबडा. ऊन तिरपं झालं की त्यात केशरी छटा यायची, म्हणून केशर. कपाळावर पांढरा ठिपका होता. ट्रकचा हॉर्न वाजला की तिचा एकच कान तिकडे वळायचा, दुसरा आमच्याकडेच असायचा. मी गेले की ती कपाळ माझ्या खांद्याला टेकवून उभी राहायची. इतक्या मोठ्या जनावराचा इतका कमी भार कसा लागतो, याचं मला दर वेळी नवल वाटायचं.

त्या पावसाळ्यात आम्ही शिकलो ते खुरांबद्दल. आषाढात शेडमध्ये चिखल झाला आणि केशर मागचा एक पाय टेकताना कचरायला लागली. नेरळहून गफूरभाई आले. ते नालबंद. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी माथेरानला घोडे चढवले-उतरवले, आता फक्त खुरं कापायची आणि नाल ठोकायचे. त्यांनी पाय उचलून मांडीवर घेतला, आकडीनं खुरातली माती काढली आणि मला वास घ्यायला लावला. काळं, चिकट, कुजकं असं काहीतरी आकडीला लागलं होतं.

"खूर म्हणजे नखच, मॅडम," ते म्हणाले. "ओल राहिली की कुजणार. रोज साफ करा, औषध लावा, पण पहिले खालची जमीन कोरडी करा. औषधानं काय होतं? चिखलात उभं राहिलं तर परत तेच."

आम्ही मुरूम टाकून शेडची जमीन वर घेतली. यशवंतदादा रोज सकाळ-संध्याकाळ चारही खुरं आकडीनं साफ करायला लागले. पंधरा दिवसांत घोडी सरळ चालायला लागली. मग सुधीरनं घोड्यांच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला. ते घाटावर, लोणावळ्याच्या पलीकडे असतात. त्यांना विचारून धनुर्वाताची लस दिली, कारण खिळ्याच्या एवढ्याशा जखमेनं घोडा जाऊ शकतो. लीद तपासून जंताचं औषध दिलं. श्रावण सरेपर्यंत आम्हाला वाटायला लागलं होतं की आपण घोडं शिकलो. दवाखान्यात येणाऱ्यांनाही मी खुरांच्या गोष्टी सांगायचे.

नवरात्रात तिच्या फासळ्या दिसायला लागल्या.

आधी आम्ही एकमेकांना सांगितलं की पावसाळ्यात उतरलेलं आहे, येईल भरून. मग सुधीर म्हणाला, वय झालं. यशवंतदादांच्या बायकोनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मी खुराक वाढवला. ती खायची, पण फार सावकाश, मान एका बाजूला कलती करून, जणू काही ऐकतेय. आणि तिच्या गव्हाणीखाली गवताचे गोळे पडलेले असायचे. लिंबाएवढे, ओले, अर्धवट चावून टाकलेले. यशवंतदादा त्यांना गुंड्या म्हणायचे. मला त्या गुंड्या रोज दिसायच्या. मी त्या चपलेनं बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "फार नखरे झालेत गं तुझे. निवडून खातेस होय?"

हे वाक्य मी अनेकदा म्हटलं आहे. आज ते लिहितानासुद्धा मला थांबावं लागतं.

मग कापणी आली. चहूकडे खाचरं पिवळी झाली. सकाळी पाताळगंगेच्या बाजूनं धुकं यायचं, दहापर्यंत पांगायचं आणि मग विळ्यांचा आवाज सुरू व्हायचा. आमचं भात चार दिवसांत कापून, झोडून झालं. कापलेल्या खाचरात ओल होती तोवर यशवंतदादांनी वाल पेरले. शेडमागे पेंढ्याची उडवी उभी राहिली. हिरवं गवत एव्हाना बांधावर वाळून गेलं होतं, आणि इतका नवा, सोनेरी पेंढा समोर बघून मला वाटलं, आता हिची चंगळ. त्या शनिवारी दुपारी मी स्वतः कवेत मावेल तेवढा पेंढा आणून तिच्यापुढे टाकला. परत आणला. परत टाकला. ती मान कलती करून खात राहिली आणि मी बघत राहिले. काहीतरी चांगलं केल्याचं समाधान घेऊन मी संध्याकाळी खोपोलीला घरी गेले.

रविवारी सकाळी सातला यशवंतदादांचा फोन आला.

"बाई, तुमी या. केशर बसतीय नि उठतीय. पोटाकडं वळून वळून बगतीय. लीद टाकलीच नाय."

आम्ही पोचलो तेव्हा ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मुरूम खरवडून तिनं खड्डा पाडला होता. मानेवर, कुशीवर घाम होता, आणि हवा तर गार होती. ती खाली बसायची, आडवी व्हायची, पाय झाडायची, पुन्हा उठायची. वरचा ओठ उलटा करून आकाशाकडे धरायची. पाण्याची बादली भरलेलीच होती. गारठा पडल्यापासून ती पाणीही कमी पीत होती, हे यशवंतदादा आता सांगत होते.

सुधीर म्हणाला, "गॅस आहे. ओवा आणि तेल पाजू या." यशवंतदादांना ते पटलं. बैलाला असंच पाजतात. त्यांनी काचेची बाटली धुतली, मी तेल कोमट केलं. सुधीरनं तिचं तोंड वर धरलं. बाटली माझ्या हातात होती. तेवढ्यात सुधीरच्या खिशातला फोन वाजला. त्यानं मघाशी लावलेला फोन घोड्यांच्या डॉक्टरांनी आता बघितला होता. सुधीरनं सगळं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

"मॅडम, तोंडातून काहीही ओतू नका," ते म्हणाले. "अशानं ते फुप्फुसात जातं. घोडा त्यानंच मरतो. आणि एक लक्षात घ्या, घोड्याला उलटी होत नाही."

"म्हणजे?"

"होत नाही. रचनाच तशी असते. पोटात अडकलेलं वरून बाहेर यायला वाट नाही. जे आहे ते मागूनच जायला हवं. समोरचा चारा सगळा काढा."

मी बाटली खाली ठेवली. माझा हात तेलानं माखला होता. तिच्या तोंडापासून तो वीतभर अंतरावर होता, आणि मी ते अगदी मायेनं करणार होते.

डॉक्टर निघाले, पण रविवार होता, घाटात गाड्या अडकलेल्या होत्या. तोवर काय करायचं ते ते फोनवर सांगत राहिले. तिला हळूहळू चालवा, पण दमवू नका. शांत आडवी पडत असेल तर पडू द्या, लोळायला लागली तर उठवा. जबड्याखाली बोटं ठेवून ठोके मोजा. एरवी ते चाळिसाच्या आत असतात. मी मोजले तर साठाच्या वर निघाले. कुशीला कान लावून आतला आवाज ऐका, म्हणाले. मी कान लावला. एरवी निरोगी घोड्याच्या पोटात गुरगुर चालू असते म्हणे. मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं.

"आता ओठ वर करून हिरड्या बघा. बोटानं दाबा, सोडा. रंग परत यायला किती वेळ लागतो सांगा."

हिरड्या. एवढं तरी मला येत होतं. मी तिचा ओठ वर केला. हिरड्या फिकट आणि कोरड्या होत्या. दाबलेल्या जागेचा पांढरा ठिपका जायला वेळ लागला. तसं मी सांगितलं. आणि ओठ सोडताना माझी बोटं तिच्या गालाच्या कोपऱ्याकडे सरकली. केशरनं मान हिसडली. तिच्या तोंडातून श्वास बाहेर आला आणि तो माझ्या चेहऱ्यावर आला.

तो वास मी ओळखते. बत्तीस वर्षं, रोज, मास्कच्या आतूनसुद्धा मला तो कळतो. जिथं अन्न अडकून कुजतं, जिथं जखम आहे आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा घासलं जातंय, तिथला तो वास. मी तशीच उभी राहिले. यशवंतदादा काहीतरी विचारत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते.

डॉक्टर आले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्यांच्या मागोमाग गफूरभाईही आले, सुधीरनं त्यांनाही कळवलं होतं. डॉक्टर तरुण होते आणि फार कमी बोलत होते. त्यांनी दुखणं कमी व्हायचं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. लांब मोजा घालून मागून हात घातला, डोळे मिटले आणि चाचपत राहिले.

"डावीकडे घट्ट गोळा आहे," ते म्हणाले. "चारा चावलेला नाही. लांब लांब काड्या तशाच गेल्यात आणि त्यांचा बोळा बसलाय. आतडं पिळलेलं वाटत नाही. हे नशीब."

मग नाकातून नळी घालून त्यांनी पोटात बादलीभर मिठाचं पाणी आणि पॅराफिनचं तेल सोडलं. नळी पोटातच गेली आहे ना, हे त्यांनी तीन वेळा तपासलं. घोडी मान खाली घालून डुलत होती. नळी काढल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गुंगीत आहे तोवर तोंड बघून घेऊ या?"

त्यांनी तिच्या जबड्यात लोखंडी पकड बसवली आणि तोंड उघडं ठेवलं. गफूरभाईंनी जीभ बाजूला धरली. डॉक्टरांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. एकेक टोक काचेच्या तुकड्यासारखं. त्या टोकांसमोर, दोन्ही गालांच्या आत, लांब जखमा होत्या. उजवीकडची खोल होती, तिच्या कडा पांढऱ्या आणि सुजलेल्या होत्या. जखमेत गवताची काडी रुतून बसली होती. खालच्या दाढांच्या आतल्या कडांनी जीभही कापली होती. प्रत्येक घासाला हे घासत होतं. प्रत्येक घास ती तोंडात फिरवून, अर्धा चावून, टाकून देत होती, आणि मी तिला नखरेल म्हणत होते.

"माणसासारखा घोड्याचा दात एकदा येऊन थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो आयुष्यभर वर सरकत राहतो आणि चावून चावून झिजतो. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, म्हणून झीज सारखी होत नाही. कडा राहून जातात. वर्षातून एकदा तरी बघावं लागतं, कानशीनं घासावं लागतं. हिचं पाच-सहा वर्षं कोणी बघितलेलं दिसत नाही."

मला हे माहीत नव्हतं. घोड्याच्या दातांबद्दल माझ्या शिक्षणात एक ओळसुद्धा नव्हती. पण तोंड उघडून बघायला शिक्षण लागत नाही. कोणी नीट खात नसेल, एका बाजूनं चावत असेल, बारीक होत असेल, तर तोंड बघावं हे मी खुर्चीत बसलेल्या शेकडो आयांना त्यांच्या मुलांबद्दल सांगितलं होतं.

जीभ सोडून गफूरभाई हात पुशीत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी पहिल्या खेपेलाच ओळखलं होतं. पुढचा पाय बघायला उचलला तेव्हा तिनं तोंड माझ्या खांद्याशी आणलं. वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही दाताच्या डॉक्टर. मी नालबंद. मला वाटलं, तुमचं काय ते चालू असेल."

यशवंतदादा खाली मान घालून उभे होते. "मला बी तेच वाटलं," ते म्हणाले. "गुंड्या तुमीच तर पायानं सारत व्हत्या. मी म्हटलं, बाईंना ठावं हाय."

सुधीर विहिरीच्या कठड्यावर बसला होता. तो म्हणाला, "डॉक्टरांनी मला दसऱ्यालाच फोनवर विचारलं होतं, तोंड बघितलंय का म्हणून. मी म्हणालो, आमची ही डेंटिस्टच आहे. आम्ही दोघं हसलो त्यावर. मला तुला सांगायचंही सुचलं नाही."

माझ्या हातातला टॉर्च चालूच होता. भर दुपारी त्याचा उजेड कुठं पडत होता हेही दिसत नव्हतं. गफूरभाई, यशवंतदादा, डॉक्टर, तिघांनाही शंका आली होती, आणि तिघंही गप्प बसले ते माझ्यामुळे. माझ्या दारावरच्या पाटीमुळे. पाटी नसती, मी कोणी शिक्षिका किंवा बँकेतली बाई असते, तर आषाढातच गफूरभाई म्हणाले असते, हिचे दात दाखवा. ती घोडी माझ्या जागेवर होती म्हणूनच तिचे दात कोणी बघितले नाहीत. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एकदम कळलं. मी पेंढ्याच्या उडवीला टेकून खाली बसले, आणि पेंढा आहे हे लक्षात येताच पुन्हा उठले.

नंतरची दुपार म्हणजे फक्त वाट बघणं. डॉक्टर थांबले. आम्ही आळीपाळीनं तिला खाचराच्या कडेनं चालवत होतो. दहा मिनिटं चालवायचं, थांबायचं, कुशीला कान लावायचा. शेजारच्या खाचरात झोडणी चालली होती. भारा फळीवर आपटल्याचा धप् धप् आवाज येत होता, भाताची कुसं उन्हात उडत होती. गोदामात ट्रक मागे घेताना शिट्टी वाजत होती. सगळं जग आपापल्या कामात होतं. दोनच्या सुमाराला ती पुन्हा पोटाकडे बघायला लागली आणि डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं की नाही सुटलं तर ऑपरेशनला फार लांब न्यावं लागेल, आणि या वयात तो प्रवास तिला झेपेलच असं नाही.

साडेतीनला मी कान लावला तर आत कुठंतरी, खूप खोलवर, नळाच्या पाइपात हवा सरकावी तसा आवाज आला. मी डॉक्टरांना खुणेनं बोलावलं. ते कान लावून बराच वेळ तसेच उभे राहिले. पाचला तिनं शेपूट उचलली. पडलं ते मूठभर, तेलकट, आणि त्यात लांबच्या लांब काड्या होत्या. पाच सुशिक्षित-अशिक्षित माणसं त्या लिदीभोवती उकिडवी बसून ती काडीनं उकलून बघत होती. यशवंतदादांनी डोळे पुसले. गफूरभाई म्हणाले, "आता सुटलं." मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं. मी अजूनही त्या टॉर्चच्या उजेडातच उभी होते.

केशर वाचली. नंतरचे पंधरा दिवस तिला पेंढा बंद होता. कोंडा कोमट पाण्यात भिजवून, बारीक कापलेलं ओलं गवत, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पाण्यात चिमूटभर मीठ, सकाळचं पाणी ऊन करून. यशवंतदादा बादलीवर खुणा करायचे, किती प्यायली ते कळायला. मी आठवड्यातले तीन दिवस दवाखाना बंद ठेवून तिथं जायचे. सुधीरनं कधी विचारलं नाही का म्हणून. आम्ही दोघंही एकमेकांशी जरा जपून बोलत होतो. तो एकदाच म्हणाला, "मी हसायला नको होतं." मी म्हटलं, "मी बघायला हवं होतं." पुढे आम्ही त्यावर बोललो नाही.

जखमा भरत आल्यावर डॉक्टर कानस घेऊन आले. पुन्हा गुंगी, पुन्हा लोखंडी पकड. कानस दाढांवरून मागे-पुढे जायला लागली आणि पांढरी पूड पडायला लागली. तो आवाज ऐकून यशवंतदादांनी खांदे आखडून घेतले. मी त्यांना सांगितलं की दाढेच्या त्या टोकांना जाणीव नसते, तिला काही दुखत नाही. आता हे मी शिकले होते. डॉक्टरांनी मला एक कड स्वतः घासायला दिली. घासून झाल्यावर मी बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत लागलं.

केशर आजही आहे. पोट भरलेलं, पाठ जरा खाली गेलेली. वर्षातून एकदा तिचे दात बघितले जातात, पेंढा नुसता कधीच दिला जात नाही, आणि गव्हाणीखाली काय पडलंय ते मी वाकून बघते. यशवंतदादाही आहेत. यंदाची कापणी त्यांनीच केली. त्यांच्या उजव्या गालाचं ऑपरेशन वेळेत झालं. कापून काढलेला तुकडा तपासणीला गेला, तो रोगाच्या उंबऱ्यावर होता, आत गेलेला नव्हता. तंबाखू सुटली. हसताना गाल थोडा ओढला जातो, तेवढंच.

पण नव्या पेंढ्याचा वास आला की मला हे दोघं बरे झालेले दिसत नाहीत. दिसते ती कानशीची दुपार. डॉक्टर सामान आवरत होते. केशर गुंगीतून जागी होत होती. यशवंतदादा तिच्या मानेवरून हात फिरवत सहज म्हणाले, "बरं झालं गं तुजं. माजं बी असंच झोंबतं, तिखट खाल्लं की."

मी वळले. "काय झोंबतं?"

"ह्यो गाल. आतून. काय नाय, चालायचंच."

"किती दिवस?"

"झालं असतील दोन पावसाळे."

दोन पावसाळे. त्या दोन पावसाळ्यांत मी त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी समोरासमोर उभी राहून बोलले होते. त्यांच्या घरी जेवले होते. "मला सांगितलं का नाही, दादा?"

ते जरा ओशाळले. "काय सांगायचं? तुमी दर आयतवारी बोलता माज्याशी. तोंड समोरच असतं. मी म्हटलं, कायतरी असतं तर तुमीच बोलल्या असत्या."

मी डॉक्टरांच्या सामानातून टॉर्च उचलला आणि त्यांना उजेडाकडे तोंड करून उभं केलं. त्यांनी आ केला. मी गाल बोटानं बाहेर ओढला. आत, दाढेच्या रेषेत, पांढरा चट्टा होता. उजेड त्याच्यावर स्थिर राहीना, सारखा दाढेवर, ओठावर जात होता.

"हलू नका, दादा," मी म्हणाले.

ते हलत नव्हते. आ करून, डोळे माझ्यावर लावून, अगदी शांत उभे होते.